समवयस्कांचा आधारगट : बळ, धोके आणि रचना

१. प्रश्नाचे स्वरूप

नववी-दहावीतल्या मुलाचे काही बिनसले आहे, हे बहुधा सर्वांत आधी कळते ते बाकावर शेजारी बसणाऱ्याला. डबा तसाच परत जातो आहे, मधल्या सुट्टीत तो मैदानावर यायचे टाळतो आहे, रात्री दोनला त्याचे व्हॉट्सॲपचे स्टेटस बदलते आहे, या गोष्टी मित्रमैत्रिणींच्या नजरेतून सुटत नाहीत. घरच्यांना ते कळते गुण घसरल्यावर आणि शाळेला कळते हजेरी कमी झाल्यावर. मुलांच्या भावनिक आरोग्यासाठी त्यांच्याच वयाच्या मुलांचे आधारगट उभारावेत, हा विचार या वस्तुस्थितीतून आला आहे.

गरज किती मोठी आहे, हे दोन आकड्यांवरून लक्षात येईल. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटातील ७.३ टक्के मुलामुलींमध्ये मानसिक विकार आढळले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२१ साली देशात १३,०८९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,८३४ महाराष्ट्रातील होते आणि ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती. तालुक्याच्या गावी मुलांचा मानसोपचारतज्ज्ञ सहसा मिळत नाही. शाळेत समुपदेशक असला, तरी त्याच्या वाट्याला शेकडो मुले येतात. अशा वेळी ‘मुलेच मुलांना सावरतील’ ही कल्पना आकर्षक वाटते. ती स्वस्त आहे, चटकन राबवता येते आणि ऐकायलाही छान वाटते.

याच आकर्षणात धोका आहे. समवयस्कांचे गट मुलांना खरोखर आधार देतात, याला पुरावा आहे. काही गटांनी मुलांचे नुकसान केले, यालाही पुरावा आहे. दोन्ही बाजूंचा पुरावा शेजारी ठेवला की एक सूत्र हाती लागते : मुलाला बोलते करून विश्वासू मोठ्या माणसापर्यंत पोचवणारा गट तारतो, आणि मोठ्या माणसाची जागा मुलाला घ्यायला लावणारा गट बुडवतो. पुढील विवेचनात हे सूत्र क्रमाने तपासले आहे.

२. व्याख्या आणि प्रकार

मुलांच्या आधारगटाची लक्षणे तीन. एक, सदस्यांचे वय जवळपास सारखे असते, किंवा वयाबरोबर अनुभवही सारखा असतो. दोन, गट ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, ठरलेल्या नियमांनी भेटतो. तीन, गटामागे एक नेमका, जबाबदार प्रौढ असतो. पहिले लक्षण असून दुसरे नसेल, तर तो मित्रांचा कट्टा. कट्ट्याचे मोल मोठे आहे, पण तिथे कोणाचे ऐकायचे आणि कोणाची टर उडवायची, हे त्या दिवशीच्या मूडवर ठरते. तिसरे लक्षण नसेल, तर तो गट मुलांच्या बाबतीत चालवूच नये. मानसतज्ज्ञाने निदान करून, उपचाराचे उद्दिष्ट ठरवून घेतलेला गटोपचार हा आणखी वेगळा विषय आहे.

आधारगटांचे तीन प्रकार दिसतात.

पहिला, *समान अनुभवाचे गट*. घरात दारूचे व्यसन असलेल्या किशोरवयीन मुलांसाठी अमेरिकेत १९५७ साली ‘ॲलाटीन’ सुरू झाले. आईवडील किंवा भावंड गमावलेल्या मुलांसाठी १९८२ साली ऑरेगनमधील पोर्टलंड शहरात ‘डगी सेंटर’ उभे राहिले. मेंदूच्या गाठीने आजारी असलेल्या एका १३ वर्षांच्या मुलाच्या सहवासातून बेव्हर्ली चॅपेल यांना ते सुचले. तिथे शोकगटांची विभागणी मुलांच्या वयानुसार आणि गमावलेल्या नात्यानुसार केली जाते.

दुसरा, *समान परिसराचे गट*. एका वर्गातील, वसतिगृहातील किंवा वस्तीतील मुले एकत्र येतात. कोणाला काय त्रास आहे, हे आधी ठाऊक नसते.

तिसरा, *निवडक मुलांमार्फत चालणारे काम*. काही मुलांना प्रशिक्षण देऊन त्यांच्यामार्फत बाकीच्यांपर्यंत पोचायचे. आपल्याकडचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम या प्रकारात मोडतो; त्याविषयी पुढे येईल.

३. आधार कसा मिळतो

समवयस्कांच्या आधाराचे बळ किती असू शकते, याचे एक विलक्षण उदाहरण १९४५ सालचे आहे. तेरेझिनच्या नाझी छावणीतून सुटलेली सहा अनाथ मुले इंग्लंडमध्ये ससेक्समधील ‘बुलडॉग्ज बँक’ नावाच्या घरात आणली गेली. सर्वांचे वय तीनच्या आसपास. आईवडील जन्मानंतर लवकरच मारले गेलेले, सांभाळणारी माणसे सतत बदललेली. कायम राहिली ती फक्त एकमेकांची सोबत. ॲना फ्रॉइड आणि सोफी डॅन यांनी १९५१ साली या मुलांविषयीचे निरीक्षण प्रसिद्ध केले. ही मुले एकमेकांपासून क्षणभरही दूर राहायला तयार नसत. जेवताना स्वतःचा घास घेण्यापेक्षा शेजाऱ्याला वाढण्याची त्यांना घाई असे. तीन वर्षांच्या मुलांत सहसा दिसणारी हेवेदाव्यांची भांडणे त्यांच्यात जवळजवळ नव्हती. एवढे सगळे हिरावले जाऊनही ती कोलमडून पडली नव्हती, आणि त्याचे मोठे श्रेय या आपसांतल्या मायेचे होते.

या निरीक्षणाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. मोठ्यांशी ही मुले सुरुवातीला फटकून वागत, मारत, चावत, वस्तू फोडत. ती अस्वस्थ आणि अतिसंवेदनशील होती. एकमेकांच्या आधाराने ती तगली. सावरू लागली ती मात्र सांभाळणाऱ्या मोठ्यांशी हळूहळू नाते जुळत गेले तेव्हा. टिकून राहणे आणि बरे होणे यांतला हा फरक पुढच्या प्रत्येक मुद्द्याच्या मुळाशी आहे.

आधार मिळण्याच्या प्रक्रिया चार सांगता येतील.

*एकटेपणाचे विसर्जन.* गटोपचाराचे अभ्यासक अर्व्हिन यालोम यांनी १९७०च्या आपल्या ग्रंथात गटातील उपकारक घटकांची यादी मांडली. ‘हे माझ्या एकट्याच्याच वाट्याला आलेले नाही’ ही जाणीव त्यांतली एक प्रमुख. किशोरवयात तिचे मोल दुप्पट होते, कारण या वयात आपण जगावेगळे, विचित्र आहोत, अशी भीती मनात घर करून असते. ‘माझ्याकडेपण असंच होतं’ हे तीन शब्द तज्ज्ञाच्या तोंडून येऊ शकत नाहीत. ते बरोबरीच्याकडूनच यावे लागतात.

*मदत करण्यातून मिळणारे बळ.* फ्रँक रीसमन यांनी १९६५ साली मांडले की स्वमदत गटात मदत घेणाऱ्याइतकाच, कधी त्याहून अधिक, लाभ मदत करणाऱ्याला होतो. ज्या मुलाला घरी आणि शाळेत ‘तुझ्याने काही होणार नाही’ एवढेच ऐकायला मिळाले, त्याच्या बोलण्याने दुसऱ्याला बरे वाटले, हा अनुभव त्याची स्वतःकडे पाहण्याची दृष्टी बदलतो.

*भावनांना शब्द मिळणे.* ‘कसंतरीच होतंय’ यापलीकडे अनेक मुलांकडे, विशेषतः मुलग्यांकडे, भाषा नसते. दुसरा मुलगा ‘मला राग येत नाही, भीती वाटते आणि मग मी ओरडतो’ असे म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्याला स्वतःसाठीही शब्द सापडतात. लहान मुलांना शब्दांऐवजी शरीराची वाट हवी असते. डगी सेंटरमध्ये भिंतींना आणि जमिनीला गाद्या लावलेली ‘ज्वालामुखी खोली’ आहे. तिथे मुलाला कोणाला इजा न करता आपटता, ओरडता, लोळता येते आणि सोबतीला एक प्रौढ असतो.

*मदत मागण्याला प्रतिष्ठा.* किशोरवयात काय ‘चालते’ आणि काय ‘चालत नाही’, हे समवयस्क ठरवतात. वर्गातील चार मानाच्या मुलामुलींनी ‘मी मॅडमशी बोललो’ असे उघड सांगितले, तर समुपदेशकाच्या खोलीकडे जाण्याची लाज कमी होते.

४. अपाय कसा होतो

समवयस्कांचा प्रभाव हे दुधारी साधन आहे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. गाडी चालवण्याचा संगणकी खेळ काहींनी एकट्याने खेळला, काहींनी मित्रांच्या देखत. मित्र शेजारी असताना किशोरवयीन मुलांनी कितीतरी जास्त धोका पत्करला. चोवीस वर्षांवरील प्रौढांमध्ये असा फरक जवळजवळ दिसला नाही. म्हणजे या वयात मित्रांची निव्वळ उपस्थितीच निर्णय बदलते.

याचे कडू फळ अमेरिकेतील केंब्रिज-सोमरव्हिल प्रकल्पात दिसले. वाया जाण्याचा धोका असलेल्या मुलग्यांना १९३९पासून मार्गदर्शन, शिकवणी, उन्हाळी शिबिरे अशी सर्व मदत दिली गेली. सुमारे तीस वर्षांनंतर जोन मॅककॉर्ड यांनी त्यांचा मागोवा घेतला. मदत मिळालेल्यांची अवस्था मदत न मिळालेल्यांपेक्षा वाईट निघाली, आणि सर्वाधिक नुकसान झाले होते एकाहून अधिक वेळा शिबिराला पाठवलेल्यांचे. १९९९ साली थॉमस डिशन, मॅककॉर्ड आणि फ्रान्स्वा पुलँ यांनी यामागची यंत्रणा उलगडली. बंडखोर मुले एकत्र बसली की नियम मोडल्याच्या कथांना हशा आणि कौतुक मिळते, आणि तेच त्यांचे शिक्षण ठरते.

दुसरा धोका अधिक सौम्य दिसतो, म्हणून अधिक फसवा आहे. ॲमंडा रोझ यांनी २००२ साली मैत्रिणींमधील एक सवय अभ्यासली. एकच दुःख पुन्हा पुन्हा उगाळत बसणे, त्याच्या प्रत्येक बारकाव्यावर तासन् तास बोलणे. अशा मैत्रिणींची जवळीक जास्त होती आणि उदासीनता, चिंतेची लक्षणेही जास्त होती. २००७च्या पाठपुराव्यात ही सवय पुढच्या काळात मुलींमधील उदासीनता वाढवणारी ठरली. मन मोकळे केले की हलके वाटते, हे खरे. पण मोकळे केल्यावर पुढे काहीच घडत नसेल, तर तेच दुःख रोज नव्याने जागे होते.

तिसरा धोका ऐकणाऱ्या मुलाला असतो. पंधरा वर्षांच्या मुलीला मैत्रिणीने ‘मला जगावंसं वाटत नाही, पण कोणाला सांगू नकोस, शपथ आहे’ असे सांगितले, की त्या क्षणापासून ती मुलगी एका जिवाची राखणदार होते. रात्री मोबाइल हातातून सुटत नाही, अभ्यास होत नाही, आणि काही बरेवाईट घडलेच, तर तो अपराध ती आयुष्यभर वाहते. असा भार मुलावर टाकण्याचा अधिकार कोणत्याही कार्यक्रमाला नाही.

५. प्रयोगांचा निष्कर्ष

या धोक्यांवर मात करणारी रचना शक्य आहे, हे तीन प्रयोगांतून दिसते.

नॉर्थ डकोटामध्ये १९९८ साली सुरू झालेल्या ‘सोर्सेस ऑफ स्ट्रेंग्थ’ या उपक्रमाची चाचणी १८ माध्यमिक शाळांत झाली आणि तिचे निष्कर्ष २०१०मध्ये प्रसिद्ध झाले. निवडलेल्या मुलांना समुपदेशन शिकवले गेले नाही. आपल्याला बळ देणाऱ्या गोष्टींविषयी बोलायचे आणि प्रत्येक मित्राने भरवशाचा एक मोठा माणूस शोधावा, यासाठी त्याच्या मागे लागायचे, एवढेच त्यांचे काम. परिणाम असा की मोठी माणसे मदत करतील, हा विश्वास शाळाभर वाढला, आणि तो सर्वाधिक वाढला पूर्वी आत्महत्येचे विचार येऊन गेलेल्या मुलांमध्ये. मोठ्या शाळांतील प्रशिक्षित मुलांनी संकटातील मित्राला मोठ्यांपर्यंत नेण्याचे प्रमाण इतरांच्या चौपट होते.

युरोपातील दहा देशांच्या १६८ शाळांतील ११,११० विद्यार्थ्यांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. शिक्षकांना धोक्याची चिन्हे ओळखायला शिकवणे, तज्ज्ञांकडून मुलांची तपासणी, आणि मुलांनी स्वतः भूमिकानाट्ये करून प्रसंग हाताळून पाहणे, अशा तीन पद्धतींची तुलना झाली. बारा महिन्यांनंतर आत्महत्येचे प्रयत्न कमी झाले ते फक्त तिसऱ्या पद्धतीत. मात्र तिथेही खोलीत प्रशिक्षित प्रौढ होता आणि मदत कुठे मिळेल, हे मुलांना माहीत होते.

तिसरा प्रयोग आपल्या अधिक जवळचा. गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ शाळांत ‘सेहर’ या कार्यक्रमाची चाचणी घेतली. शाळेत मनातले लिहून टाकायची पेटी, भित्तिपत्रिका, विद्यार्थ्यांचे समवयस्क गट आणि गरज असेल त्याच्याशी स्वतंत्र बोलणे, असे त्याचे स्वरूप होते. काही शाळांत हे काम बाहेरून नेमलेल्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या ‘सेहर मित्रां’नी केले, काही शाळांत तिथल्याच शिक्षकांनी. मित्रांच्या शाळांत वातावरण सुधारले, दादागिरी आणि उदासीनता कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत फरक पडला नाही. याची कारणे अनेक असू शकतील. पण वर्गावर शिकवून, पेपर तपासून, वर सरकारी कामे करणाऱ्या शिक्षकाला हे आणखी एक काम चिकटवून चालत नाही, एवढा बोध त्यातून नक्की घ्यावा.

६. रचनेचे घटक

*सदस्य.* खरा आधार द्यायचा, तर आठ-दहा मुले पुरे. वयातील अंतर दोन-तीन वर्षांपेक्षा जास्त नसावे. पाचवीतल्या मुलासमोर दहावीतला मुलगा प्रेमभंगाविषयी बोलू शकत नाही, आणि बोलू नये. आक्रमक किंवा स्वतःला इजा करणाऱ्या सर्व मुलांना वेचून एका गटात बसवू नये. सहभाग ऐच्छिक असावा आणि पालकांची संमती आधी घ्यावी.

*सूत्रधार.* दोन प्रौढ असावेत, म्हणजे एखाद्या मुलाला बाहेर न्यावे लागले, तरी गट वाऱ्यावर राहत नाही. त्या मुलांना गुण देणारा किंवा शिक्षा करणारा माणूस या जागी नको. सूत्रधारालाही महिन्यातून एकदा अनुभवी तज्ज्ञाशी बोलता आले पाहिजे.

*बैठकीचा क्रम.* शाळेच्या एका तासात बैठक मावते. आरंभी प्रत्येकाने आज मन कसे आहे, ते एका वाक्यात सांगावे. ‘आज मी पास’ म्हणण्याची मुभा असावी. समजा, एक मुलगी म्हणाली, ‘बाबा रोज पिऊन येतात. आई म्हणते, बाहेर बोलू नको.’ इथे सूत्रधाराने लगेच उपदेशाकडे वळू नये. ‘हे सांगणं सोपं नव्हतं. असं आणखी कोणी अनुभवलंय?’ एवढे विचारून थांबावे. दुसरा कोणी बोलला, तर त्याने सल्ला द्यायचा नाही, ‘मी तेव्हा काय केलं’ इतकेच सांगायचे. मग चर्चा जाणीवपूर्वक पुढे न्यावी : ‘रात्री आवाज वाढला, की तू कुठे जाऊन बसू शकतेस? मावशी, आजी, शेजारच्या काकू, कोणाला फोन करशील?’ बैठक संपताना त्या मुलीच्या हाती एक नाव आणि एक कृती असली पाहिजे. दुःख उगाळत राहण्यावर हाच उतारा आहे. बैठकीनंतर सूत्रधाराने तिला पाच मिनिटे एकटीला भेटून घरात मारहाण होते का, हे विचारणे त्याचे कर्तव्य आहे.

*पुढारी मुलांची काळजी.* ज्या मुलांकडे काही जबाबदारी दिली आहे, तिची मुदत एक शैक्षणिक वर्ष असावी. मधेच सोडण्याचा हक्क असावा, आणि त्यांचे ऐकून घेणारा माणूस ठरलेला असावा. त्यांना शिकवायची कौशल्ये तीनच : शांतपणे ऐकणे, न हिणवणे, आणि मोठ्या माणसापर्यंत नेणे.

७. गुप्तता आणि तिची सीमा

गटातले गटातच राहील, हा नियम पहिल्या दिवशी सांगावा आणि त्याच दमात त्याची सीमाही सांगावी. जिवाला धोका, मारहाण किंवा लैंगिक अत्याचार यांविषयी कळले, तर ते योग्य माणसाला सांगितले जाईल. ही सीमा आधी न सांगता नंतर गुपित बाहेर गेले, तर मुलाचा विश्वास कायमचा उडतो.

२०१२च्या पॉक्सो कायद्याचे कलम १९ बालकांवरील लैंगिक गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन घालते. न कळवल्यास कलम २१खाली शिक्षा आहे. पण त्याच कलमाने बालकाला या शिक्षेतून वगळले आहे. मूल गप्प राहिल्याचा दोष मुलावर येऊ नये आणि दायित्व प्रौढाने घ्यावे, हे तत्त्व कायद्याने स्वीकारले आहे. आधारगटांनीही तेच पाळावे. ‘शपथ घातली म्हणून सांगितलं नाही’ असे म्हणावे लागण्याची वेळ कोणत्याही मुलावर येऊ नये, म्हणून प्रत्येक गटात आधीच सांगून ठेवावे : जिवाच्या प्रश्नात शपथ पाळायची नसते. टेली-मानसचा १४४१६ आणि चाइल्डलाइनचा १०९८ हे मदतवाहिन्यांचे क्रमांक खोलीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत असावेत.

८. महाराष्ट्रातील शक्यता

आपल्याकडे सुरुवात शून्यातून करायची नाही. जानेवारी २०१४मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाने १० ते १९ वयोगटासाठी सहा विषय ठरवले आणि मानसिक आरोग्य त्यांतला एक आहे. हजार लोकवस्तीमागे दोन मुलगे, दोन मुली असे चार समवयस्क शिक्षक आशाताईंच्या मदतीने निवडायचे, प्रत्येकाने १५ ते २० मुलांचा गट करून दर आठवड्याला बसायचे, अशी त्याची आखणी आहे. महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांत किशोरांसाठीचे दवाखाने ‘मैत्री’ या नावाने चालतात.

मात्र या आखणीचा पाया माहिती पोचवण्याचा आहे. लोहाच्या गोळ्या आणि मासिक पाळीची स्वच्छता यांची माहिती वीस जणांना एकदम देता येते. वडिलांच्या मारहाणीविषयी वीस जणांसमोर कोणी बोलत नाही, गावात तर नाहीच, कारण तिथे प्रत्येक जण कोणाचा तरी चुलतभाऊ असतो. म्हणून या गटांचा उपयोग पहिली पायरी म्हणून करावा : भावनांविषयी बोलण्याची सवय लावणे आणि मैत्री दवाखान्याची वाट दाखवणे. खोल आधारासाठी छोटे गट आश्रमशाळा आणि वसतिगृहांत आधी उभे करावेत. तिथे मुले घरापासून दूर असतात आणि रात्री उशाशी असतो तो समवयस्कच.

९. कसोटी

गट यशस्वी झाला, हे उपस्थितीच्या आकड्यांवरून किंवा समारोपाच्या भाषणावरून ठरवू नये. तीन गोष्टी मोजाव्यात. भरवशाच्या एका मोठ्या माणसाचे नाव सांगू शकणारी मुले किती वाढली? मित्राची अडचण मोठ्यांपर्यंत आणण्याचे प्रसंग किती वाढले? आणि गटात आल्यावर कोणाची अवस्था बिघडली का? तिसरा प्रश्न विचारायला संस्था कचरतात, पण केंब्रिज-सोमरव्हिलमध्ये तो तीस वर्षे उशिरा विचारला गेला आणि तोवर त्या मुलांचे बालपण संपून गेले होते.

मुलांमध्ये एकमेकांविषयी माया असते, ती कोणाला शिकवावी लागत नाही. कमी पडतात ती ही माया वाया जाऊ न देणारी मोठी माणसे. म्हणून गट सुरू करू पाहणाऱ्या प्रत्येक शाळेने आधी तीन ओळी कागदावर लिहाव्यात : गटासोबत कोण बसेल, मुलाने अपरात्री कोणाला फोन करायचा, आणि शाळेच्या आवाक्याबाहेरचे प्रकरण कोण हाती घेईल. तिन्ही ठिकाणी पदाऐवजी माणसाचे नाव आणि चालू फोन क्रमांक असेल, तरच मुलांना गोल करून बसवावे. ते नसेल, तर आधी ती माणसे शोधावीत आणि मग गट सुरू करावा.